पांढरं रान

पाणी यायच्या दिवशी आमच्या घरात चहाच्या आधी हुलग्याचं माडगं चढायचं. भाजून दळलेल्या हुलग्याचं पीठ, गूळ, सुंठ आणि मिठाची कणी. चुलीवर ते रटरटायला लागलं की त्याचा खरपूस वास ओट्यावरून, गोठ्यावरून पार रस्त्यापर्यंत जायचा आणि येणारा-जाणारा समजून जायचा, आज आण्णांच्या रानाची पाण्याची पाळी. आण्णा म्हणजे माझे वडील. सांगवीसारख्या भर बागायती गावात, चारी बाजूंनी ऊस उभा असताना, माडगं पिणारं आमचं एकच घर. आई कुरकुरायची, "ही दुष्काळातली खाणी. माणसं हसत्यात आपल्याला." पण करायची. आण्णा पितळीत वाफाळतं माडगं घेऊन उंबऱ्यावर बसायचे आणि कान चारीकडे लावायचे. कालव्यातून रानांकडे पाणी आणणारा लहान पाट, त्याला आम्ही चारी म्हणतो. पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं, हे मला त्यांनी शिकवलं. आधी कोरड्या चारीतला पाला सरसरतो, मग बेडकं एकदम गप्प होतात, आणि मग लांबून कुणीतरी लुगडं ओढत चालल्यासारखा आवाज येतो. "आली बग," आण्णा म्हणायचे. पाण्याला ते कायम बाईमाणसासारखं बोलायचे.

मग आम्ही तिघं रानात. पाणी बांधाशी पोचायच्या आत आण्णा चपला काढून हातात घ्यायचे. पाणी रानात शिरताना पायात चपला ठेवायच्या नाहीत, हा त्यांचाच नियम, गावात दुसरं कुणी पाळत नव्हतं. आई चारीच्या तोंडाशी भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवायची. पाण्याच्या तोंडाला फेस, काटक्या, वाळकी पानं, एखादा उलटा झालेला किडा असं सगळं लोंबत यायचं. आण्णा वाकून बोटं बुडवायचे, डोळ्यांना लावायचे आणि मग फावड्यानं दारं, म्हणजे रानाच्या तोंडाशी पाणी अडवणारा मातीचा बांध, फोडायचे. इतक्या वेळा बघूनही दर वेळी त्यांचा चेहरा तसाच व्हायचा, डोळे पाण्यानं भरलेले आणि तोंड लहान पोरासारखं उघडं. मला त्या क्षणी त्यांची थोडी भीतीसुद्धा वाटायची. देव बघितलेलं माणूस मी तेवढंच एक पाहिलं आहे.

ते मूळचे निमगाव केतकीच्या पलीकडच्या माळावरचे. माझ्या आजोळी मुलगा नव्हता, म्हणून आईशी लग्न करून त्यांना सांगवीत आणलं. घरजावई. गाव आयुष्यभर त्यांना "माळावरचं पाव्हणं" म्हणत राहिलं, आणि ते हसून सोडून द्यायचे. माळावर त्यांच्या लहानपणी एका हंड्यात घरातल्या सगळ्यांची आंघोळ व्हायची, त्याच पाण्यात धुणं व्हायचं आणि उरलंसुरलं लिंबाच्या झाडाला. असा माणूस लग्नानंतरच्या पहिल्या पाळीला चारीच्या काठावर मटकन खाली बसला आणि रडला, असं आई सांगायची. सांगताना हसायची, पण हळू आवाजात सांगायची.

हे सगळं आधी सांगून टाकते, कारण हल्ली मुलाखत घ्यायला येणारी पोरं पाठ केल्यासारखं एकच विचारतात. बाई, तुम्ही विज्ञानकथा लिहिता, समुद्र चढतात, नद्या आटतात, जंगलं शहरांत शिरतात, पण तुमच्या एकाही कादंबरीत माणसं यानात बसून पृथ्वी सोडून का जात नाहीत? मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देते. खरं उत्तर द्यायचं तर त्यांना चारीच्या काठावर नेऊन उभं करावं लागेल, आणि त्यांना पुण्याला परतायची घाई असते. म्हणून इथं लिहिते आहे.

मी नववीत होते त्या हिवाळ्यात आमचं खालचं रान पांढरं झालं. ओढ्याच्या अंगाला जो सखल तुकडा होता, त्यात आदल्या वर्षीच ऊस गुडघ्याएवढा होऊन बसला होता. एका सकाळी मी शेण टाकायला गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. सगळं रान पिठूर पांढरं. धुकं होतं, ऊन अजून आलं नव्हतं, आणि बांधापासून ओढ्यापर्यंत पांढऱ्याशिवाय काही नाही. मधोमध आमचा आंबा उभा होता, एकही पान नसलेला. पाय टाकला तर पापड मोडावा तसं कुर्रकन वाजलं. त्या पापडाखाली पाय घोट्यापर्यंत आत गेला, थंडगार चिखलात. मी एक कपची उचलून जिभेवर ठेवली. खारट आणि मागून कडू. पलीकडे साचलेल्या पाण्यात तांबड्या लांब पायांचे काळे-पांढरे पक्षी चालत होते. त्यांना शेकाट्या म्हणतात हे फार पुढं कळलं, तेव्हा ते मला कुठल्यातरी दुसऱ्याच जगातून आल्यासारखे वाटले. वाईट वाटायला हवं होतं, आमचंच रान होतं ते. पण खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. अंगावर काटा आला, आणि हे इतकं मोठं काहीतरी आमच्या दाराशी घडतंय याचं नवल मावेना. शेणाची पाटी डोक्यावर तशीच राहिली होती.

"मीठ फुटलं," आण्णा म्हणाले, एवढंच. त्या तुकड्याकडे ते पाठ करून बसायला लागले. पण आता मधल्या रानातला ऊसही शेंड्याला पिवळा पडत होता. मधलं रान म्हणजे आमचं घर होतं म्हणा ना, चूल त्याच्यावर पेटायची. त्याच्या वरच्या अंगाला फक्त एक मुरमाड पट्टा होता, त्यात बाभळी आणि कुसळ. "पिवळा पडलाय, तहानलाय बिचारा," आण्णा म्हणायचे आणि पुढच्या पाळीला आणखी भरभरून पाणी द्यायचे. ऊस आणखी पिवळा पडायचा. सगळं गाव हेच करत होतं, त्यांना एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पाळी आली की पाणी घ्यायचं, रानाला हवं असो की नसो. पाळी सोडणारा माणूस गावात कुणी बघितलाच नव्हता. आमचे पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणारे सोपानराव, सायकलवरून उतरायच्या आधीच सुनवायचे, "एकदा सोडली तर पुन्हा मागायला येऊ नगा. टपलेली लई हायती."

आमच्या शाळेत विज्ञानाला कांबळेबाई होत्या. मूळच्या इंदापूरच्या, गावात खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी जायच्या. कडक बाई. त्यांनी एकदा सगळ्यांना आपापल्या रानातलं वाळकं ढेकूळ आणायला सांगितलं. मी मधल्या रानातलं नेलं. बाईंनी ताटलीत बोटभर पाणी ओतून ढेकूळ त्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "आता कुणी बोलायचं नाही. नुसतं बघा." आम्ही बघत बसलो. ढेकळाच्या बुडाशी ओलीची काळी रेघ उमटली आणि ती रेघ वर चढायला लागली. कुणी ओतत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं, तरी पाणी आपलं आपण वर चढत होतं, थेट टोकापर्यंत. माझ्या तोंडून "अगं आई गं!" असं मोठ्यांदा निघून गेलं आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. ताटली खिडकीत ठेवली. आठवड्यात पाणी आटलं, ढेकूळ वाळलं आणि त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी आली, आमच्या खालच्या रानासारखी. "मातीत मीठ असतंच," बाई म्हणाल्या. "पाणी खाली भरून राहिलं की ते असं वर चढतं, मिठाला बरोबर घेऊन येतं. मग ऊन पाणी नेतं आणि मीठ ठेवून जातं." त्या दिवशी घरी जाताना मी पावलं अलगद टाकत होते. माझ्या पायाखाली, सगळ्या गावाच्या पायाखाली पाणी वर चढतंय, आणि वर कुणाला पत्ता नाही. इतकं गूढ मी त्याआधी काही ऐकलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही.

आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "पाणी उताराला जातं, पोरी. वर कसं चढंल? तुज्या बाईनं इंदापुरात पाणी बगितलं नसंल." मग बाई स्वतः घरी आल्या. ओट्यावर बसल्या, आईच्या हातचा चहा घेतला आणि सरळ सांगितलं, की निदान दोन वर्षं मधल्या रानाला पाणी बंद ठेवा, ओढ्यापर्यंत खोल चर खणा, साचलेलं पाणी निघून जाऊ द्या, नाहीतर हेही रान जाईल. आण्णांनी सगळं मान खाली घालून ऐकलं, बाईंना वेशीपर्यंत पोचवून आले आणि आल्यावर फुटले. "पाणी बंद करा म्हनं! उद्या म्हनंल, श्वास घिऊ नगा! ज्या पाण्यासाठी मी आईबाप सोडून हितं आलो, ते दारात आल्यावर न्हाय म्हनू?" आई म्हणाली, "ओरडू नगासा, म्हस बुजंल." म्हैस खरंच बुजली होती.

त्याच सुमारास स्नेहसंमेलन आलं. बाईंनी मला विज्ञानकथा लिहायला सांगितली. मी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "जे घडलं नाही, पण घडू शकतं, ते असं लिही की घडलंय." एवढीच व्याख्या मला आयुष्यभर पुरली. मी गोष्ट लिहिली. एका कोरड्या ग्रहावरची माणसं एका ओल्या ग्रहावर येतात. पाण्याला इतकी आसुसलेली असतात की जमिनीला पाणी देणं थांबवतच नाहीत. पाण्यापुढे भाकरी-गूळ ठेवतात, हात जोडतात, पायातली वहाण काढतात. जमीन हळूहळू पांढरी पडते, झाडं उभ्या उभ्या मरतात, तांबड्या पायांचे पक्षी येतात. शेवटी माणसं यानात बसतात आणि दुसरा ग्रह शोधायला निघून जातात. मांडवाखाली अख्खं गाव बसलेलं. आण्णा पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर, कडक टोपी, कारण लेक वाचणार होती. वहाण काढायच्या वाक्याला आमचे खालच्या शिवेचे शेजारी बबनतात्या मोठ्यांदा म्हणाले, "आयला, ह्यो तर आपला माळावरचा पाव्हणा!" आणि मांडव खदखदून हसला. मी वाचत राहिले, काय करणार? मान वर केली तेव्हा आण्णांची जागा रिकामी होती.

घरी आई दारातच थांबली होती. "बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस व्हय गं?" मी म्हणाले, "मी नाव कुठं घेतलं? गोष्ट तर दुसऱ्या ग्रहावरची आहे." आई म्हणाली, "त्या गिरहावर बी भाकरी-गूळ ठेवत्यात का?" तिला सगळं कळलं होतं. मला अजूनही वाटतं की मी काही चूक केली नव्हती. आज लिहायला बसले तर तेच वाक्य पुन्हा लिहीन. पण त्यानंतर आण्णा माझ्याशी बोलेनासे झाले, आणि ते मात्र सोसवत नव्हतं. जेवताना समोर बसून आईला म्हणायचे, "तिला म्हणावं, ताक घी." मी म्हणायचे, "त्यांना म्हणावं, घेतलंय." आई दोघांना म्हणायची, "मला म्हणावं, गिळू द्या."

अशात पाण्याची पाळी आली. रविवार होता. पहाटेच माडग्याचा वास आला. मी अंथरुणातच ठरवलं की आज रानात जायचं नाही, त्या पिवळ्या उसाला पाणी पाजलेलं मला बघवणार नाही. तेवढ्यात आण्णा दारात आले आणि किती दिवसांनी सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "फावडं घे. चल."

आम्ही तिघं गेलो. सोपानराव वरचं फाटक उघडून सायकलला टेकून उभे होते. पाला सरसरला. बेडकं गप्प झाली. आण्णांनी चपला काढून हातात घेतल्या, आईनं भाकरी-गूळ ठेवला. पाणी आलं, फेस आला, आण्णांनी बोटं बुडवून डोळ्यांना लावली. मी फावडं पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, दाऱ्याच्या मातीवर टेकवलं आणि तसेच उभे राहिले. पाणी दाऱ्याशी चढायला लागलं.

"सुमे, तुज्या गोष्टीतली मानसं शेवटी काय करत्यात?" त्यांनी विचारलं. ते शेवट ऐकायला थांबलेच नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"यानात बसून निघून जातात."

"कुठं?"

"दुसऱ्या ग्रहावर."

"तितं पाणी हाय?"

"असणार. म्हणून तर जातात."

"मग तितं बी आसंच करत्याल की गं," आण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, पेरणीची गोष्ट चालावी तसं सरळ बोलत होते. "ही रानं गेली की तिकडं. तिकडची गेली की आनखी कुठं. मी एकदा माळ सोडून आलोय. आता माजं वय न्हाय पुन्हा सोडायचं. ह्यो शेवट बरुबर न्हाय."

सोपानराव ओरडले, "आण्णा, फोडा की दारं! पाणी चाललंय पुढं!"

आणि आण्णांनी दारं फोडलं नाही. वाकून चिखलाचा गोळा उचलला, तो दाऱ्यावर थापला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. चिखल बोटांतून गळत होता. आई तोंडाला पदर लावून उभी. पाणी क्षणभर त्या चिखलाशी थबकलं, फुगलं, आमची भाकरी उचलली आणि वळून खालच्या अंगाला निघालं. "जा बाई," आण्णा म्हणाले, "पुढं जा." त्यांनी हात जोडले. नदीला, समुद्राला, अंतराळातून दिसणाऱ्या पृथ्वीला हात जोडलेली माणसं मी पुढं पुष्कळ लिहिली, पण त्या सकाळी चारीच्या काठावर अनवाणी उभ्या असलेल्या माझ्या बापाएवढं मोठं मला कुणी दिसलं नाही. जन्मभराची तहान असलेला माणूस पाण्याला नको म्हणत होता.

सोपानराव म्हणाले, "बगा हं, मागनं म्हणाल..." टोपी काढून डोकं खाजवलं आणि सायकलवर बसून गेले. थोड्या वेळानं बबनतात्या धोतर खोचून धापा टाकत वर आले. त्यांची पाळी दुपारची होती आणि पाणी सकाळीच पोचलं होतं. "आण्णा! चारी फुटली का काय?"

"न्हाय. सोडलंय."

"सोडलंय? आपल्या हातानं?" तात्या दाऱ्यावरच्या चिखलाकडे बघत राहिले, मग आण्णांच्या चेहऱ्याकडे, मग माझ्याकडे. एरवी चेष्टेशिवाय त्या माणसाचं पान हलत नसे. त्या दिवशी बांधावर बसले, तंबाखूची चंची काढून आण्णांपुढे धरली आणि म्हणाले, "माज्या बी खालच्या कोपऱ्यात मीठ फुटलंय. कुनाला बोललो न्हाय." पुढं चर खणला तो दोघांनी मिळून, आमच्या रानातून त्यांच्या रानातून ओढ्यापर्यंत. पाण्याची पाळी कुणी काढून घेतली नाही, नुसती धमकी होती ती. मधलं रान हळूहळू सुधारलं. खालच्या तुकड्याचा एक कोपरा मात्र आजही पांढरा आहे. परवा गेले होते तेव्हा आता रान बघणारा मावसबहिणीचा मुलगा म्हणाला, मावशी, तिथं भर टाकून गोदाम बांधू या का? मी म्हटलं, खबरदार, माझं सगळं लिखाण तिथून आलंय. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

पण हे फार पुढचं. त्या रविवारी संध्याकाळी मी ओट्यावर बसून गोष्टीचा शेवट खोडला. माणसं यानापर्यंत जातात आणि मागं फिरतात, पाण्याला पुढं जायला सांगतात, असं लिहिलं आणि आण्णांना वाचून दाखवलं. ते गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. हात न थांबवता त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "व्हय. पर रानाला पुन्हा पीक यायला लई दिस लागत्यात. तवर ती मानसं खात्यात काय? ते लिहिलं न्हाईस."

मी आत गेले. आई चुलीपाशी सुपात काहीतरी पाखडत होती. "आई, आता आपण खायचं काय गं?"

"वरच्या मुरमाड पट्ट्यात हुलगं पेरायचं म्हणत्यात तुजं आण्णा," ती म्हणाली, आणि कुरकुरायचं विसरली.

मी परत ओट्यावर येऊन गोष्टीचं शेवटचं वाक्य लिहिलं. त्या वर्षी त्या ग्रहावरची सगळी माणसं हुलग्याचं माडगं प्यायली, आणि तिथंच राहिली.